माजी सैनिक आणि नशेचं व्यसन: बेळगाव सीमाभागातल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडचं चंदगड, गडहिंग्लज. या पट्ट्यात फौजेत कुणी गेलंच नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. मी स्वतः आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. पेन्शनवर आल्यापासून व्यसनात अडकलेल्या माजी सैनिकांच्या घरी जातो, त्यांना डॉक्टरांपर्यंत नेतो. बहुतेक प्रश्न घरातल्या बायकांनी विचारलेले आहेत, काही खुद्द जवानांनी. दोघांनाही मोकळेपणाने उत्तरं द्यायचा प्रयत्न केला आहे.

नोकरीत असतानाही हे पीत होते. तेव्हा काही झालं नाही, मग पेन्शनवर आल्यावरच असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

पलटणीत पिण्याला वेळ होती, माप होतं आणि सकाळी पीटी होती. सहाला फॉलइनमध्ये उभं राहायचं असतं, तेव्हा हात आपोआप आवरतो. आजूबाजूला पन्नास जण असतात. कुणी जास्त घेतली तर सेक्शनवाला ओढून नेऊन झोपवतो, आणि वरून सीनिअरचा धाक असतो. पंधरा वर्षांच्या नोकरीवर शिपायाला पेन्शन बसते, म्हणून आपल्याकडची बरीच पोरं पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. अंगात ताकद आहे, महिन्याला पैसे येतात आणि सकाळी उठवणारं कुणी नाही. शेती भावाने सांभाळलेली, तिथे याला काही विचारत नाहीत. मुलं बापाला सुट्टीतला पाहुणा म्हणूनच ओळखतात. बायकोने इतकी वर्षं घर एकटीने चालवलेलं असतं. तिला आता हुकूम नको असतो आणि याला हुकूम ऐकायची-सोडायची सवय असते.

दिवस कसाबसा जातो. संध्याकाळी सहानंतरचा वेळ खायला उठतो. तिथे बाटली येऊन बसते.

त्यात आपला भाग सीमेवरचा. कर्नाटकातली दुकानं आहेत, चोर्ल्याच्या घाटातून चोरून आलेली गोव्याची स्वस्त दारू आहे, लष्करी कँटीनमधून कोट्यावर मिळणारी रम आहे. मिळत नाही असा दिवस नाही. तेव्हा 'आधी चांगला होता, आता बिघडला' असं म्हणू नका. पिणं आधीपासून होतंच, त्याला धरून ठेवणारा बांध नोकरीबरोबर गेला.

रोज फक्त एक क्वार्टर घेतात, भांडण नाही, शिवीगाळ नाही. याला व्यसन म्हणायचं का?

हिशेब करू. व्हिस्की-रमच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे सहा पेग, ६० ग्रॅमच्या आसपास. रोज एवढी घेणाऱ्याचं लिव्हर भांडण करतो की नाही हे बघत नाही.

पण व्यसन नुसतं मापावरून ठरत नाही. सकाळी हात थरथरतात का? पूर्वी दोन पेगमध्ये जे वाटायचं त्याला आता पाच लागतात का? कमी करायचं ठरवून जमलेलं नाही असं किती वेळा झालं? लग्नाला जायच्या आधी तिथे मिळेल की नाही याची चौकशी होते का? लपवाछपवी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, डॉक्टर पाच मिनिटांत करून घेतात.

माझ्या थोरल्या भावाची काळी ट्रंक माळ्याखाली असायची, वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. आत इस्त्रीचा युनिफॉर्म, मेडल्सचा डबा आणि युनिफॉर्मच्या घडीखाली बाटली. त्याची मुलगी सातवीत होती. ती मला म्हणाली, "काका, ट्रंकेची कडी वाजली की मी पुस्तक मिटते." घरातलं सातवीतलं पोर एका कडीच्या आवाजावर दिवस मोजत असेल, तर डॉक्टरांची चाचणी नंतर करा, उत्तर आधीच मिळालेलं आहे.

आजपासून एक थेंब नाही असं ठरवलंय. एकदम बंद केली तर चालेल ना?

निर्धार चांगला आहे, पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. त्यात जीव जाऊ शकतो. हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

वर्षानुवर्षं दारूने दाबून ठेवलेला मेंदू दारू थांबली की उसळतो. शेवटच्या पेगनंतर सहा तासांपासून दिवसभरात हात कापणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो.

भावाने एका दसऱ्याला सोडली. कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. मी तेव्हा पोस्टिंगवर होतो. तिसऱ्या रात्री वहिनीला जाग आली तर हा गोठ्याच्या दाराशी उभा, हातात वैरण ओढायची काठी बंदुकीसारखी धरलेली, आणि हळू आवाजात "स्टँड टू, स्टँड टू", म्हणजे हल्ल्यासाठी तयार राहा, असं म्हणतोय. म्हशींच्या मागे माणसं लपलीत असं त्याला दिसत होतं. घरच्यांना वाटलं, बाहेरचं लागलं. देवऋषीकडे न्यायची तयारी झाली. वाटेतच फिट आली म्हणून गाडी दवाखान्याकडे वळवली. तो वाचला. पण दोन दिवस आधी डॉक्टरांनी बघितलं असतं, तर ती रात्र आलीच नसती.

औषधं साधी आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या डॉक्टर आधी पुरेशा देतात आणि काही दिवसांत उतरवत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शनने. पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गावातल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, बाटली लावा' असं म्हणण्याआधी 'हे रोज पितात आणि परवा बंद केली' एवढं स्पष्ट सांगा. लाजू नका.

आधी फिट येऊन गेली असेल, साठीच्या पुढचं वय असेल, लिव्हर किंवा हृदयाचा आजार असेल, तर दाखल होऊनच सोडायची. भ्रम किंवा फिट दिसली तर १०८ ला फोन.

रात्री दचकून उठतात, ओरडतात. फटाके वाजले की घरात जाऊन बसतात. 'झोप यावी म्हणून घेतो' म्हणतात.

ते खोटं बोलत नाहीत. चकमक, स्फोट, हिमस्खलन, डोळ्यांसमोर गेलेला जोडीदार, यांतलं काही मनात अडकून राहतं. त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. तीच ती स्वप्नं, सतत सावध राहणं, पाठ भिंतीला लावून बसणं, गर्दी टाळणं, कारण नसताना भडकणं. सगळ्याच माजी सैनिकांना हे होतं असं नाही, आणि पिणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लढाई असते असंही नाही. पण असेल तर दारू आणि हा त्रास एकमेकांना पोसतात. दारूने झोप लागते खरी, पण पहाटे मोडते आणि स्वप्नं आणखी जोर धरतात.

दारूचा इलाज आधी आणि मनाचा 'नंतर बघू' असं करू नका. दोन्ही एकाच मानसोपचार तज्ज्ञाला सांगा. बोलून करायचे उपचार आहेत, औषधंही आहेत. आणि घरच्यांनी "काय झालं होतं तिकडे, सांगा की" म्हणून खोदत बसू नये. झोपेत ओरडत असतील तर अंगाला हात न लावता, लांबून नाव घेऊन उठवा.

दारू नाही, पण गुडघ्याच्या दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्या सुटत नाहीत.

ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेसाठी अल्प्राझोलाम. हे मेडिकल दुकानातून सुरू होतं, म्हणून कुणाला नशा वाटत नाही. पाठीवर वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या माणसाचं दुखणं खरं असतं, तेव्हा 'नाटक करतोस' म्हणू नका. झोपेच्या गोळ्याही एकदम बंद करायच्या नसतात, फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करतात. अफूच्या जातीच्या औषधांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार आहे. एक जपा: काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरलेली असते. तेव्हा 'एकदाच' म्हणून पूर्वीएवढाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. दारू आणि या गोळ्या एकत्र घेतल्या तरी तोच धोका.

गांजा, ब्राउन शुगरसारखं काही असेल आणि पोलिसांची भीती असेल, तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ माहीत असू द्या. थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

इथे जवळपास नेमकं कुठे जायचं?

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पहिली पायरी तिचं पॉलिक्लिनिक. तिथल्या मेडिकल ऑफिसरला 'ॲसिडिटी आहे' असं सांगून परत येऊ नका. दारूचं सांगा आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे रेफरल मागा. रेफरलचा कागद हातात आल्याशिवाय खासगी ठिकाणी दाखल होऊ नका, पुढे बिलावरून वाद होतो. इमर्जन्सी असेल तर मात्र कागदाची वाट न बघता जवळचं हॉस्पिटल गाठा, आणि पॉलिक्लिनिकला दोन दिवसांच्या आत कळवा.

कार्ड नसेल, किंवा मुलगा, भाऊ असा दुसरा कुणी असेल, तर बेळगावचं सिव्हिल, म्हणजे बिम्स. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावपासून साधारण ७५ किलोमीटरवर. 'धारवाडला नेलं' म्हणजे वेड्यात काढलं अशी आपल्याकडे समजूत आहे. ती किती घरांना महागात पडली ते मी पाहिलंय. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत व्यसनांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली सुरू झालेलं, जिथे सगळं मराठीतून चालतं. हा मुद्दा लहान नाही. मनातलं शरम वाटणारं बोलायचं तर माणसाला आपलीच भाषा लागते.

फोनवरून सुरुवात करायची असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि फुकट. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्हीकडे फोन लागल्यावर मराठीत बोलणारं माणूस मागा.

उपचार घेतले तर पेन्शन बंद होईल? कार्यालयात कळेल?

पेन्शन उपचारामुळे बंद होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि दारू-नशेशी जोडलेले मानसिक त्रासही त्या कायद्यात येतात. भीती खरी आहे ती उलट बाजूने, उपचार न घेतल्याची. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत आलेले एक सुभेदार मला आठवतात. सही करायला पेन धरवेना. क्लार्कने मुकाट्याने शाईचा पॅड पुढे सरकवला. चाळीस जणांच्या रांगेत त्यांनी अंगठा उठवला, आणि त्या दिवशी संध्याकाळी मला फोन केला.

ते तयारच नाहीत. उचलून नेऊन दाखल करता येतं का?

कायद्याने वाट आहे, पण अरुंद. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत माणूस नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने उपचारांचं बघणाऱ्या माणसाच्या अर्जावर, एक मानसोपचार तज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी वेगवेगळं तपासून दाखल करता येतं, पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवस. रात्री जीप आणून चार पोरांनी हातपाय बांधून नेणं यात बसत नाही. असं नेलेले जवान मी पाहिलेत. बाहेर आल्यावर पहिली बाटली रागाने उघडली जाते.

तयार नसलेल्या माणसाला तयार करता येतं, फक्त वेळ लागतो. प्यालेला असताना बोलू नका. सकाळी, चहा झाल्यावर, एकाच माणसाने बोलावं. "तुम्ही घर धुळीला मिळवलं" यापेक्षा "परवा तुम्ही पडलात तेव्हा बाळू रात्रभर जागा होता" हे लागतं. आणि व्यसनमुक्ती हा शब्द सुरुवातीला नको. 'लिव्हरची तपासणी करू या' म्हणून बरेच जण येतात. रिपोर्ट हातात असला की डॉक्टर पुढचं बोलतात. त्याच्याच पलटणीचा, सोडलेला माणूस मिळाला तर त्याला घरी चहाला बोलवा. घरच्यांनी दहा वर्षं सांगून जे होत नाही, ते एखाद्या हवालदाराच्या "चल, मी येतो बरोबर" ने होतं.

जेवणात न सांगता मिसळायचं औषध एका ठिकाणी मिळतं म्हणे. देऊ का?

देऊ नका. अशा पुड्यांमध्ये बहुतेकदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस जागेवर जातो. औषध बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध डॉक्टर वापरतात, पण तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी इतर औषधंही आहेत. लिव्हर-किडनी बघून कुणाला कुठलं ते डॉक्टर ठरवतात.

पंढरपूरला माळ घातली तर सुटेल का?

माळ घालून सुटलेली माणसं मी ओळखतो. माळकऱ्याला गावात कुणी आग्रह करत नाही, संध्याकाळी भजनाला जागा मिळते, माणसं मिळतात. हा आधार मोठा आहे. पण शरीराला माळ कळत नाही. पहिल्या आठवड्याचा त्रास माळकऱ्यालाही होतो. आधी डॉक्टर, दहा दिवसांनी माळ.

केंद्र चांगलं की वाईट, हे कसं ओळखायचं?

राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का ते विचारा, आणि कागद बघा. मानसोपचार तज्ज्ञ किती वेळा येतात? पहिल्या आठवड्यात रात्री नर्स कोण असते? घरच्यांना भेटू देतात का? साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. 'फौजी आहे, दोन फटके दिले की सुधारेल' असं म्हणणाऱ्या ठिकाणी पाय ठेवू नका. 'शंभर टक्के गॅरंटी' लिहिलेल्या बोर्डापासूनही लांब राहा.

कँटीनच्या कोट्याचं काय करायचं?

कार्ड काही महिने बायकोकडे किंवा भावाकडे ठेवा, तेही त्यांच्या संमतीने. किराणा आणा, दारू उचलू नका. 'पाहुण्यांसाठी राहू दे', 'कुणाला तरी देऊ' म्हणून आणलेली बाटली घरातच उघडते. आणि कोट्याची बाटली विकून पैसे करायची सवय लागली असेल तर ती आधी मोडा. तो गुन्हाही आहे.

मारहाण होते. तरी 'आजारी आहे' म्हणून सहन करायचं का?

नाही. आजार वेगळा, मारहाण वेगळी. ११२ किंवा महिलांसाठी १८१. उपचार त्यांचे चालू राहतील, तोवर तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी राहा.

'मरून जातो एकदाचा' म्हणतात. मनावर घ्यायचं का?

दरवेळी घ्यायचं. आणि पहिलं काम बंदुकीचं. आपल्याकडचे कितीतरी माजी सैनिक बँकेत, एटीएमवर गार्ड आहेत, घरी लायसन्सची बाराबोअर आहे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते, पावती मिळते. शेतीची विषारी औषधंही कुलपात. मग सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा करण्याऐवजी उपचार द्यायचे, हे २०१७ च्या त्याच कायद्यात आहे.

आठ महिने बंद होती, गणपतीत पुन्हा प्याले. सगळं वाया गेलं?

आठ महिने शरीर सावरलं, ते वाया कसं जाईल? याला स्लिप म्हणतात, आणि ती बहुतेकांना होते. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता घेतली ते शांतपणे लिहून काढा. पुढच्या वर्षी त्या मिरवणुकीच्या वेळी दुसरं काम ठरवून ठेवता येतं. भाऊ दोनदा घसरला. तिसऱ्या वेळी टिकला.

मग संध्याकाळी करायचं काय?

सगळ्यात अवघड प्रश्न, आणि याचं उत्तर डॉक्टरकडे नसतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा असतात, फुकट. तिथे बसणारी माणसं त्याच वाटेने आलेली असतात. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. गावात भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर एकटीच धावत असतात, त्यांना शिकवायला कुणी नसतं.

भाऊ आता साडेपाचला शिट्टी घेऊन शाळेच्या मैदानावर जातो. अकरा पोरं आहेत. सोळाशे मीटरची वेळ तो वहीत लिहितो, आणि घरी आल्यावर ती वही ट्रंकेत, युनिफॉर्मच्या घडीखाली ठेवतो. कडी अजून वाजते. पुतणी आता पुस्तक मिटत नाही, आतूनच विचारते, "पप्पा, आज पहिला कोण आला?"